‘पुट’ आणि ‘धा’ : क्रियापदाला चिकटणाऱ्या छोट्या शब्दांची गोष्ट

पेट, नेट, सेट, तयारी कशाचीही असो, टेबलावर इंग्रजीचं एक गाईड असतंच. आणि त्या गाईडच्या शेवटी दहा-पंधरा पानांची ती यादी असते. ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे, ‘गिव्ह इन’ म्हणजे शरण जाणे, ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे. यादी पाठ करायची, दोन-चार मार्क मिळवायचे आणि विसरून जायचं. बहुतेकांचं असंच होतं. या यादीला फ्रेझल वर्ब म्हणतात एवढं आपल्याला माहीत असतं. पण ती यादी तिथे आली कुठून, हा प्रश्न आपण विचारत नाही. आजचा लेख त्या प्रश्नावर आहे. विषय इंग्रजीचा दिसत असला तरी वाटेत पाणिनी भेटेल, शिवाजी महाराज भेटतील आणि आपल्या नागपुरात बसून काम करणारा एक कोशकारही भेटेल.

आधी विषय नेमका करून घेऊ. संशोधनात ही सवय लागलेली बरी.

मी एम.एस्सी. केमिस्ट्रीची, त्यामुळे मला हे मिश्रण आणि संयुग या भाषेतच कळतं. मिश्रणात घटकांचे गुणधर्म टिकून राहतात, संयुगात नवीनच गुणधर्म येतात. ‘टर्न डाऊन द लेन’ म्हणजे गल्लीत वळणे. इथे ‘टर्न’ म्हणजे वळणेच आहे आणि ‘डाऊन’ दिशा दाखवतो. हे मिश्रण. ‘टर्न डाऊन द ऑफर’ म्हणजे नाकारणे. इथे कोणी वळत नाही आणि खालीही जात नाही. हे संयुग. आता दोन्ही ठिकाणी नामाच्या जागी सर्वनाम घालून बघा. ऑफरचं ‘टर्न इट डाऊन’ होतं, ‘टर्न डाऊन इट’ होत नाही. गल्लीचं मात्र ‘टर्न इट डाऊन’ कधीच होणार नाही. म्हणजे ‘इट’ नावाचा हा एवढासा शब्द लिटमस पेपरसारखा वापरता येतो.

सर्वनाम मध्येच का घुसतं? इंग्रजी वाक्यात नवी माहिती शेवटी यायला बघते, कारण जोर तिथे असतो. ‘इट’, ‘देम’, ‘हिम’ हे शब्द आधीच माहीत असलेल्या गोष्टीबद्दल बोलतात, म्हणून ते शेवटची जागा सोडून आत सरकतात. नाम असेल तर दोन्ही चालतं : ‘टर्न डाऊन द ऑफर’ किंवा ‘टर्न द ऑफर डाऊन’. पण ही चाचणी सगळीकडे लागू पडत नाही. ‘लुक आफ्टर’ म्हणजे काळजी घेणे, अर्थाने पक्कं संयुग, तरी म्हणायचं ‘लुक आफ्टर हिम’. कारण इथला ‘आफ्टर’ शब्दयोगी अव्ययासारखा वागतो, तो आपल्या नामाच्या पुढून हलत नाही. ‘डाऊन’ मात्र क्रियाविशेषण आहे, तो मोकळा फिरतो. ‘पुट अप विथ’मध्ये दोन्ही जातीचा एकेक शब्द आहे, म्हणून सर्वनाम सगळ्यात शेवटी : ‘पुट अप विथ इट’. गाईडच्या यादीत हे तिन्ही प्रकार एकाच रांगेत उभे असतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आता इतिहास.

जुन्या इंग्रजीत हे छोटे शब्द बरेचदा क्रियापदाच्या आधी यायचे, काही तर कायमचे चिकटलेले असायचे. ‘फर्गिव्ह’, ‘अंडरस्टँड’, ‘विथस्टँड’, ‘ओव्हरकम’ हे त्या काळाचे अवशेष. जर्मन शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल, तिथे आजही असा शब्द कधी क्रियापदाला जोडलेला असतो, तर कधी सुटून वाक्याच्या शेवटी जातो. इंग्रजीत हळूहळू तो मागेच राहायला लागला. बाराव्या शतकातल्या पीटरबरो क्रॉनिकलमध्ये ‘गिव्ह अप’ सापडतं. या बदलामागे इंग्लंडमध्ये वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेचा हात होता असं बरेच अभ्यासक मानतात, काही तो भाषेचा आपला आतला प्रवास मानतात. पण ‘टेक’ आणि ‘गेट’ ही यादीतली दोन दादा क्रियापदं मुळात त्या उत्तरेकडच्या भाषेतून आलीत, यात वाद नाही.

मग १०६६ नंतर फ्रेंच आणि तिच्या मागोमाग लॅटिन शब्द आले. आग विझवायला घरात ‘पुट आऊट’ होतं, दप्तरात ‘एक्स्टिंग्विश’ आलं. पुढे ढकलायला ‘पुट ऑफ’ होतं, ‘पोस्टपोन’ आलं. गंमत अशी की ‘पोस्टपोन’ स्वतःच लॅटिनमधलं ‘नंतर ठेवणे’ आहे. ‘इन्स्पेक्ट’ म्हणजे ‘आत बघणे’, म्हणजे शब्दशः ‘लुक इनटू’. लॅटिन क्रियापद हे बरेचदा गोठलेलं फ्रेझल वर्बच असतं. इंग्रज माणसाला ते जोड दिसत नाहीत, म्हणून ते त्याला भारदस्त वाटतं. घरचे जोड दिसतात, म्हणून ते साधे वाटतात. कपड्यासारखंच आहे, शिवण दिसली की किंमत कमी!

हा भेद नंतर व्याकरणात शिरला. १६७२ मध्ये ड्रायडननं बेन जॉन्सनच्या भाषेत एक खोट काढली, की शब्दयोगी अव्यय वाक्याच्या शेवटी लटकतंय. १७६२ मध्ये रॉबर्ट लाउथ या पाद्र्याच्या व्याकरणानं जरा सौम्य भाषेत तेच सांगितलं : बोलण्यात ठीक आहे, भारदस्त लेखनात टाळलेलं बरं. पण कोशकाराला असं टाळून चालत नाही. सॅम्युअल जॉन्सननं १७५५ च्या कोशात या जोड्यांची मुद्दाम नोंद घेतली, आणि परक्या माणसाला इंग्रजीत सगळ्यात जास्त अडचण याच ठिकाणी येते हे प्रस्तावनेत लिहून ठेवलं. त्याच्या कोशात एकट्या ‘टेक’ला शंभरावर अर्थ आहेत. ‘फ्रेझल वर्ब’ हे नाव मात्र खूप उशिरा रूढ झालं. लोगन पिअरसल स्मिथ यांनी १९२५ मध्ये आपल्या पुस्तकात ते वापरलं आणि श्रेय दिलं ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना.

म्हणजे आपल्याकडे इंग्रजी शाळा सुरू झाल्या तेव्हा या गोष्टीला नीट नावसुद्धा नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ चं. त्यांच्यासमोर नमुना होता लिंडले मरे याच्या इंग्रजी व्याकरणाचा, आणि मरे हा लाउथच्याच परंपरेतला. शब्दांच्या आठ जाती, नामाची विभक्ती, क्रियापदाचे काळ अशी ती चौकट. या चौकटीत ‘अप’ एका खणात जातो आणि ‘गिव्ह’ दुसऱ्या खणात. दोघं मिळून तिसरंच काही होतात, याला खणच नाही. कोशांचंही तेच. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ ची. त्यानं सुरू केलेला इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडीनं १८४७ मध्ये पुरा केला. कोश शब्दावर चालतो आणि ही भानगड दोन शब्दांच्या मध्ये घडते.

एक सांगून ठेवते. ज्या ‘तर्खडकर भाषांतर पाठमाले’वर आपल्या आजोबा-पणजोबांनी इंग्रजी घोटलं, ती दादोबांची नाही, द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची. आडनावामुळे नेहमी गल्लत होते. या पाठमालेची पद्धत साधी. थोडे शब्द द्यायचे, नमुन्याची वाक्यं द्यायची, मग इंग्रजीचं मराठी आणि मराठीचं इंग्रजी करायला लावायचं. यातून वाक्यरचना पक्की होते. ती पिढी आपल्यापेक्षा शुद्ध इंग्रजी लिहायची याचं एक कारण हेच असावं. पण भाषांतराच्या पद्धतीत एका मराठी शब्दासमोर एक इंग्रजी शब्द बसवण्याची सवय लागते. ‘सहन करणे’ दिसलं की ‘टॉलरेट’ किंवा ‘बेअर’ आठवतो, ‘पुट अप विथ’ आठवत नाही. कारण त्यात ‘सहन’ कुठे दिसतंच नाही.

नागपूरचं गणित थोडं वेगळं होतं. आपण मुंबई इलाख्यात नव्हतो. भोसल्यांचं राज्य खालसा झाल्यावर १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी त्याच्याही आधीपासून इथे शाळा चालवत होता. भूगर्भशास्त्रवाल्यांना तो नागपूर परिसरातल्या जीवाश्मांमुळे माहीत असतो. त्याच्या नावाचं कॉलेज १८८३ मध्ये आणि मॉरिस कॉलेज १८८५ मध्ये सुरू झालं. ही कॉलेजं आधी कलकत्ता विद्यापीठाला जोडलेली, मग अलाहाबादला, आणि १९२३ मध्ये नागपूरचं स्वतःचं विद्यापीठ झालं. म्हणजे सीताबर्डीवर राहणारा मराठी मुलगा इंग्रजीचा पेपर कलकत्त्याचा आणि पुढे अलाहाबादचा सोडवायचा. त्या उत्तरेकडच्या पट्ट्यात नेसफिल्डच्या व्याकरणांचा दबदबा होता. नेसफिल्ड स्वतः तिकडच्याच शिक्षण खात्यातला. १९३० च्या दशकात मुंबईच्या प्रकाशकाकडून रेन आणि मार्टिन यांचं पुस्तक आलं आणि ते सगळीकडेच पसरलं. यातला पी. सी. रेन म्हणजे ‘बो जेस्ट’ ही गाजलेली कादंबरी लिहिणारा लेखक, मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात बरीच वर्षं नोकरी केलेला.

रेन अँड मार्टिन तुमच्याकडे असेलच. त्यात सकर्मक-अकर्मक क्रियापदांच्या धड्यात एक छोटी टीप आहे. अकर्मक क्रियापदाला शब्दयोगी अव्यय जोडलं की ते सकर्मक होऊ शकतं, आणि कधी कधी ते अव्यय आधीच चिकटलेलं असतं. त्याला उदाहरण आहे ‘ओव्हरकम’चं, आणि वाक्यातला कर्ता आहे शिवाजी! भारतातल्या मुलांसाठी लिहिताना रेनसाहेबांनी नाव बरोबर निवडलं. पण बघा, ‘लाफ अ‍ॅट’ आणि ‘ओव्हरकम’ एकाच कुळातले आहेत ही केवढी मोठी गोष्ट, आणि ती तिथे दोन-चार ओळींत उरकलेली आहे. बाकी सगळं पुस्तकाच्या मागच्या भागात याद्यांमध्ये. माझ्या मते आपलं नुकसान इथे झालं. जी गोष्ट नियमानं समजू शकत होती ती पाठांतराच्या खात्यात गेली.

आणि ज्या समाजाला हे पाठांतर करायला लावलं, त्याच्या घरात या नियमाचा हजारो वर्षांचा अभ्यास पडलेला होता.

‘ईक्ष्’ हा धातू घ्या. अर्थ बघणे. परि लावला की परीक्षा, चहूबाजूंनी बघणे. सम् लावला की समीक्षा. प्रति लावला की प्रतीक्षा, वाट बघणे. उप लावला की उपेक्षा. अप लावला की अपेक्षा. निर् लावला की निरीक्षण. आता इंग्रजी ‘लुक’ शेजारी ठेवा : ‘लुक इनटू’, ‘लुक ओव्हर’, ‘लुक फॉर’, ‘लुक फॉरवर्ड टू’. आणि चिकटलेलं ‘ओव्हरलुक’ म्हणजे आपली उपेक्षाच. मूळ क्रिया एकच, बघणे, आणि छोटा शब्द ती क्रिया कुठे नेतो त्यावर अर्थ ठरतो.

‘धा’ याहून भारी. अर्थ ठेवणे, म्हणजे ‘पुट’. परि + धा, भोवती ठेवणे, परिधान. इंग्रजीत कपडे घालायला ‘पुट ऑन’! शिवाय विधान, अवधान, अभिधान. समाधानात सम् आणि आ असे दोन उपसर्ग आहेत, आणि अनुसंधानात अनु आणि सम् असे दोन. ‘पुट अप विथ’मध्ये दोन छोटे शब्द बघून घाबरणाऱ्यानं हे लक्षात घ्यावं, की आपण करतो त्या रिसर्चचं एक नावच दोन उपसर्गांचं आहे.

इथे पाणिनी येतो. अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात लागोपाठ तीन सूत्रं आहेत. पहिलं सांगतं की हे उपसर्ग धातूच्या आधी येतात. दुसरं सांगतं की वेदांच्या भाषेत ते नंतरही येतात. तिसरं सांगतं की ते धातूपासून दूर, मध्ये दुसरे शब्द ठेवूनही येतात. म्हणजे वैदिक भाषेत उपसर्ग मोकळा होता, ‘टर्न इट डाऊन’मधल्या ‘डाऊन’सारखा. नंतरच्या संस्कृतात तो धातूला कायमचा चिकटला. इंग्रजीत प्रवास नेमका उलटा झाला, आधी चिकटलेला बराच मोकळा झाला. दोन्ही भाषा एकाच मोठ्या कुटुंबातल्या, आणि दोघींनी एकाच वस्तूचं दोन टोकांना केलेलं हे काम. मला तरी हे वाचताना प्रयोग जुळून आल्यासारखं वाटलं.

विसाव्या शतकात या बेरजेवर दोन माणसांनी मोठी पैज लावली. एक केंब्रिजमध्ये, एक नागपुरात.

केंब्रिजचे सी. के. ऑग्डेन. १९३० मध्ये त्यांनी ‘बेसिक इंग्लिश’ मांडलं. फक्त ८५० शब्द, आणि त्यात क्रियापदं म्हणावीत असे १८. कम, गेट, गिव्ह, गो, कीप, लेट, मेक, पुट, सीम, टेक, बी, डू, हॅव, से, सी, सेंड, आणि सोबत मे व विल. शेवटचे दोन सोडले तर १६. या सोळांना ‘अप’, ‘इन’, ‘थ्रू’, ‘अक्रॉस’ असे वीसेक दिशादर्शक शब्द जोडायचे. सोळा गुणिले वीस, ३२० जोड्या, आणि हजारो क्रियापदांची सुट्टी. ‘एंटर’ कशाला, ‘गो इन’ आहे. ‘रिमूव्ह’ कशाला, ‘टेक अवे’ आहे. मुंबईत या पद्धतीचा प्रचार झाला. पुढे १९४३ मध्ये हार्वर्डला दिलेल्या भाषणात चर्चिलनंही तिची तरफदारी केली.

विरोध आला तो भारतात शिकवलेल्या माणसाकडून. मायकेल वेस्ट ढाक्याला होते, बंगाली मुलांना इंग्रजी वाचायला कसं शिकवावं यावर त्यांचं काम होतं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३४ मध्ये ‘बेसिक’ची चिरफाड केली. त्यातला एक आक्षेप आपल्या कामाचा आहे. ‘पुट’ माहीत, ‘अप’ माहीत, ‘विथ’ माहीत, म्हणून ‘पुट अप विथ’ फुकटात मिळत नाही. मोजताना तुम्ही शून्य नवे शब्द धरता, शिकणाऱ्याला मात्र एक नवा शब्द शिकावा लागतो. शब्दसंख्या कमी दिसते, ओझं तेवढंच राहतं. कोणत्याही संशोधनात ‘मोजलं काय’ आणि ‘मोजायचं होतं काय’ यातला फरक विचारावा म्हणतात, त्याचं हे चोख उदाहरण.

आता नागपूर. आचार्य रघुवीर जन्मले रावळपिंडीला, लाहोरला संस्कृत शिकवत होते, तिथेच त्यांनी आपली सरस्वती विहार ही संस्था उभारली. फाळणीच्या तोंडावर ती संस्था नागपूरला आली आणि पुढचं जवळपास दशकभर इथे राहिली. तेव्हा नागपूर मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी, राज्याच्या भाषा हिंदी आणि मराठी दोन्ही. कारभार आणि उच्च शिक्षण इंग्रजीतून आपल्या भाषांत आणायचं तर शब्द हवेत. रघुवीरांनी ते घडवायला घेतले, हजारोंनी. ते संविधान सभेतही होते.

त्यांची पद्धत काय? तीच बेरीज, किंबहुना गुणाकार. संस्कृतात वीस उपसर्ग, पाचशेच्या वर धातू, ऐंशीच्या आसपास प्रत्यय. वीस गुणिले पाचशे गुणिले ऐंशी करून बघा, आठ लाख होतात. एका ‘गम्’पासून आगमन, निर्गमन, उद्गम, संगम, अधिगम, अनुगमन निघतात, तसं प्रत्येक इंग्रजी संज्ञेसाठी काढता येईल. मी ऑग्डेन आणि रघुवीर यांना शेजारी ठेवते ते दोघांची युक्ती एक आहे म्हणून. मूठभर क्रिया, मूठभर दिशा, आणि गुणाकार. हेतू मात्र उलटे होते. ऑग्डेनना जगाला इंग्रजीत आणायचं होतं, रघुवीरांना देशाला इंग्रजीतून बाहेर काढायचं होतं.

दोघं अडले मात्र एकाच जागी. गुणाकारातून शब्दाचं रूप मिळतं, अर्थ मिळत नाही. अपेक्षा आणि उपेक्षा यांत फरक फक्त एका उपसर्गाचा, पण ‘अप’ आणि ‘उप’ यांच्या अर्थावरून तुम्ही हे दोन शब्द आधी न ऐकता ओळखू शकाल? नाही. ते वापरून वापरून ठरले. रघुवीरांच्या कोशातले जे शब्द लोकांनी वापरले ते घरचे झाले, जे नाही वापरले त्यांची थट्टा झाली. थट्टा करणाऱ्यांना सोपं जातं, पण परिभाषेचं काम केलेल्या कोणालाही विचारा, पद्धत लावून शब्द घडवण्याला आजही फारसा पर्याय सापडलेला नाही. महाराष्ट्र झाल्यावर १९६० मध्ये भाषा संचालनालय आलं, १९६२ मध्ये पदनाम कोश निघाला, आणि तिथेही उपसर्गांचीच मदत घ्यावी लागली.

मग आपली रोजची मराठी काय करते? उपसर्ग आपल्याकडे संस्कृत शब्दांसोबत आयते आले, आपण स्वतः नवे फारसे जोडत नाही. आपण क्रियापदाला दुसरं क्रियापद जोडतो. ‘खाऊन टाक’ म्हणजे आधी खा आणि मग फेक असं नाही, सगळं संपव. इंग्रजीत ‘ईट अप’, आणि तिथेही ‘वर’ काही जात नाही. ‘टाक’ आणि ‘अप’ दोघांनीही आपला मूळ अर्थ सोडलाय आणि ‘पूर्ण’ एवढंच सांगायचं काम धरलंय. ही सवय एकट्या मराठीची नाही. कॉलिन मॅसिका यांनी १९७६ च्या पुस्तकात दक्षिण आशियातल्या वेगवेगळ्या कुळांच्या भाषांतली ही समान खूण म्हणून दाखवली.

आणि नागपूरकरानं यासाठी पुस्तक उघडायची गरज नाही. ‘काय करून राहिला बे?’ या वाक्यात सगळं आहे. इथला ‘राहिला’ कुठेच राहत नाही, क्रिया चालू आहे एवढंच सांगतो. ‘जेवून राहिलो’, ‘बस येऊन राहिली’. शेजारच्या हिंदीनं ‘कर रहा है’चा रस्ता दाखवला आणि आपण आपले शब्द घेऊन त्या रस्त्यानं गेलो. पुण्यात याला हसतात. हसू देत. इंग्रजीत ‘अप’चं जे झालं तेच वऱ्हाडी-नागपुरीत ‘राहणे’चं झालंय.

शिवाय मराठीत चक्क इंग्रजी वळणाच्या जोड्याही आहेत, आपलं लक्ष नसतं एवढंच. ‘मागे घेणे’ हे ‘टेक बॅक’च्या अगदी जवळचं. ‘पार पाडणे’ हे ‘कॅरी आऊट’च्या जवळचं. ‘मागे लागणे’, ‘हाती घेणे’, ‘पुढे ढकलणे’. आपण परीक्षा पुढे ढकलतो, इंग्रज ती बाजूला सारतो.

तर मग आपल्याला हे इतकं जड का जातं? यावर बरंच काम झालंय, आणि ते कसं पुढे सरकलं हे बघण्यासारखं आहे. १९८५ मध्ये डॅगट आणि लॉफर यांनी इस्राएलमधल्या विद्यार्थ्यांवर अभ्यास केला. मुलं फ्रेझल वर्ब टाळून एकशब्दी क्रियापद निवडत होती. निष्कर्ष असा, की हिब्रूत असे जोड नाहीत म्हणून. पटण्यासारखं आहे. पण मग ज्यांच्या भाषेत जोड आहेत त्यांनी टाळायला नको. १९८९ मध्ये हुल्स्टाइन आणि मार्चेना यांनी डच विद्यार्थी घेतले, डचमध्ये असे जोड भरपूर. तरी त्यांनीही काही टाळलेच, विशेषतः अर्थ वाकडा झालेले. काही तर डचसारखेच दिसतात म्हणून संशयानं टाळले! २००४ मध्ये लिआओ आणि फुकुया यांनी चिनी विद्यार्थी घेतले. इंग्रजीत पुढे गेलेले, त्यातही इंग्रजी वातावरणात राहिलेले, फारसं टाळत नव्हते. म्हणजे कारण फक्त मातृभाषेची रचना नाही, कानावर किती पडलं हेही आहे. तीन अभ्यास, एकोणीस वर्षं, आणि एक सोपा निष्कर्ष हळूहळू गुंतागुंतीचा झाला. तुमच्या प्रबंधातला साहित्याचा आढावा असा दिसायला हवा, नुसती नावांची माळ नको.

कानावर काय पडलं, हाच आपला मुद्दा आहे. आपण इंग्रजी कागदावरून शिकलो, आणि विज्ञानाच्या कागदावर लॅटिन क्रियापदांचं राज्य आहे. डग्लस बायबर आणि सहकाऱ्यांच्या १९९९ च्या मोठ्या व्याकरणात मोजून दाखवलंय, की फ्रेझल वर्ब संभाषणात आणि कथा-कादंबऱ्यांत जास्त, शास्त्रीय लेखनात बरेच कमी. म्हणून आपला विद्यार्थी जर्नलचा पेपर नीट वाचतो, ‘इन्व्हेस्टिगेट’, ‘इलिमिनेट’, ‘प्रपोज’ सगळं समजतं, आणि व्हायव्हाला बाहेरून आलेले परीक्षक सहज विचारतात, ही कल्पना तुम्ही कशी ‘कम अप विथ’ केली, दुसरी शक्यता कशी ‘रूल आऊट’ केली, हा फरक कशानं ‘अकाऊंट फॉर’ होतो, की मुलगा गप्प. उत्तर येत असतं, प्रश्न कळलेला नसतो. मार्क मात्र विषयाचे जातात. हे मी एकापेक्षा जास्त वेळा बघितलंय, आणि दरवेळी मराठी किंवा हिंदी माध्यमातून आलेल्यांच्याच बाबतीत. त्यांना विषय येत नाही असा शिक्का बसतो तेव्हा राग येतो.

उलट दिशेनं आपण काही जोड स्वतःही तयार केलेत. ‘कोप अप विथ’ हा त्यातला लाडका. ‘कीप अप विथ’ आणि ‘कॅच अप विथ’च्या सोबतीनं बिचाऱ्या ‘कोप’ला पण ‘अप’ मिळाला. ‘डिस्कस अबाऊट’मध्ये आपली ‘च्याबद्दल चर्चा करणे’ ही रचना बोलते. इंग्रज फॉर्म ‘फिल इन’ करतो, अमेरिकन ‘फिल आऊट’, आपण ‘फिल अप’. बोलण्यात माझी यावर तक्रार नाही, इंग्रजांनीही असेच जोड जमवलेत. पण पेपर पाठवताना ‘कोप अप’ आणि ‘डिस्कस अबाऊट’ शोधून काढा, परीक्षक तेवढ्यावरून भाषा कच्ची म्हणून मोकळे होतात.

आणि यादीचं काय करायचं? पाच हजार जोड पाठ करायची गरज नाही. गार्डनर आणि डेव्हिस यांनी २००७ मध्ये दहा कोटी शब्दांचा ब्रिटिश नॅशनल कॉर्पस तपासला. त्यातल्या फ्रेझल वर्बच्या एकूण वापरापैकी निम्म्याहून थोडा जास्त वापर फक्त वीस क्रियापदं आणि आठ छोटे शब्द यांच्या जोड्यांचा निघाला. पुन्हा तोच गुणाकार, वीस गुणिले आठ, १६०. ऑग्डेनच्या ३२० च्या निम्मा. प्रबंधापुरतं बोलायचं तर ‘कॅरी आऊट’, ‘पॉइंट आऊट’, ‘सेट अप’, ‘रूल आऊट’, ‘अकाऊंट फॉर’ एवढे बिनधास्त वापरा. आणि व्हायव्हासाठी लेक्चरचे व्हिडिओ ऐकताना व्याख्यानापेक्षा शेवटची प्रश्नोत्तरं ऐका. एक वही ठेवा, प्रश्न जसा विचारला तसा देवनागरीतच उतरवा, आणि त्यातल्या जोडासमोर मराठी जोड लिहा. ‘रूल आऊट’समोर ‘नाकारणे’ लिहू नका, ‘बाद ठरवून टाकणे’ लिहा. ‘पुट ऑन’समोर ‘परिधान’ लिहिलंत तर रघुवीर खूश होतील, पण ‘घालणे’ पुरेल.